आमची वाटचाल : तो बुश आमचा नव्हता

सातारच्या जुन्या एमआयडीसीत २००६ साली गॅरेजसाठी पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, तेव्हा आमचा ऐवज म्हणजे दोन जॅक, एक वेल्डिंग मशीन आणि वस्तादांची पान्यांची पेटी. वस्ताद म्हणजे माझे मेव्हणे. पैसे माझे, हात त्यांचे. त्यांची साडेतीन फुटी पहार अजून भिंतीला टांगलेली आहे. गाडीखाली शिरायचं, बुशाला, म्हणजे लोखंडी सांध्यातल्या रबरी गादीला, पहार लावायची, डोळे मिटून कान द्यायचा. निम्मं निदान तिथंच.

पुढची नऊ-दहा वर्षं क्लचप्लेटा, शॉकअप आणि कासच्या सीझनला घाटात ब्रेक तापलेल्या पर्यटकांच्या गाड्या. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, हप्ते वेळेवर गेले एवढंच.

२०१६ च्या उन्हाळ्यात भिलारचे आमचे स्ट्रॉबेरीवाले काका पुतण्याची सिव्हिक घेऊन आले. स्प्रिंगा कापून गाडी आधीच लो केलेली, आता मागं जाड स्वे बार हवा होता, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणात गाडी कलू न देणारा लोखंडी दांडा. बार आम्ही बसवला. त्याच्या टोकाला दोन भोकं होती. लिंक रॉड, म्हणजे बार चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी, आतल्या भोकात घेतला की बार जास्त कडक होतो. पोराला कडक पाहिजे होता, मीही हो म्हणालो. ही चूक माझी, लपवत नाही. बाराचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १६ मिलिमीटरचा काढून १९ चा टाकला की कडकपणा जवळजवळ दुप्पट, आणि वर पुन्हा आतलं भोक! जुलैत पसरणी घाट उतरताना ओल्या वळणावर गाडीची शेपूट सुटली आणि मागचा बंपर कठड्याला घासला. माणसं वाचली.

पोरगं आमच्याकडं न येता आमच्या समोरच्या गॅरेजात गेलं. त्यांनी दोन वेळा शॉकअप बदलले, बारही खोलून परत बसवला, आणि गावभर सांगितलं की आमच्याकडं बार वेल्डिंग करून बसवतात. आमच्याकडं कामाला असलेली दोन पोरं त्यांच्याकडं गेली. शेडचं भाडं चार महिने थकलं. वस्ताद चहाच्या टपरीवर बसायचे बंद झाले. त्या दिवसांत काकांची पिकअप आणि जीप मात्र दर महिन्याला दारात असायची, कधीकधी काम नसताना.

सिव्हिकच्या खालून येणारी टकटक समोरच्यांच्या हातून काही थांबेना. शेवटी काकाच गाडी घेऊन आले. म्हणाले, "बिघडवली तुम्ही, आता बघा पण तुम्हीच."

स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की आवाज नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की टक्! म्हणजे संशय बारावरच, कारण दोन चाकं वेगवेगळी हलली तरच तो पिळतो. दोन्ही लिंक रॉड सोडले, बार तारेनं वर बांधला आणि एमआयडीसीत सावकाश फेरी मारली. गाडी गप्प. चार शॉकअपचे पैसे त्या पोरानं फुकट घातले होते.

जॅकवर चाकं लोंबकळत असताना काही सापडलं नाही. लिंक रॉड परत लावून गाडी पिटवर घेतली, वजन चाकांवर ठेवलं, आणि वस्तादांनी पहार लावली. बार बोटभर डावीकडं सरकला. डाव्या ब्रॅकेटजवळ लोखंड घासून चकचकीत झालेलं. आमच्या लाल पॉलियुरेथेन बुशांच्या जागी काळे रबरी बुश, भोक बारापेक्षा मिलिमीटरभर मोठं, आणि साधं ग्रीस चोपडून रबर मऊ पडलेलं. दुसऱ्याच कुठल्या गाडीचे. बार सरकून त्याचं वळण ब्रॅकेटवर आपटत होतं.

मापाचे बुश, सिलिकॉन ग्रीस, बार सरकू नये म्हणून दोन्हीकडं कॉलर. लिंक रॉड बाहेरच्या भोकात. त्यांची लांबी गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी असताना जुळवली, बोल्ट बोटानं आत जाईपर्यंत. हातोडीनं ठोकावा लागला, तर बार उभ्या गाडीतच पिळलेला राहतो आणि गाडी एका बाजूच्या वळणाला वेगळी वागते.

मॉडिफाय करणाऱ्या पोरांना सांगतो, आधी टायर आणि हवा बघा, मग बार. मागचा बार कडक केला की पुढची चाकं वळणात चांगली धरतात, पण पावसात तीच गाडी मागून निसटते. आणि मेव्हण्याबरोबर धंदा करायचा असेल तर वाटा पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. आम्ही लिहिला नव्हता, त्याची भांडणं वेगळीच.

काकांनी गाडी स्वतः घाटातून वर नेली आणि भिलारला पोचल्यावर फोन केला. बोलले फक्त "हं". पुढच्या महिन्यात त्यांच्या ओळखीच्या तीन गाड्या आल्या. तरी आधीचं गिऱ्हाईक परतायला दोन वर्षं गेली. समोरच्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही.

तो काळा बुश काउंटरच्या खणात आहे. मागे त्यांचा एक पोरगा लिंक रॉड उसना मागायला आला होता. दिला. पण आधी तो बुश त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, मालकांना दाखव जा.