व्हिएतनामचा काजू आणि आपला

मी वेंगुर्ल्यात एका काजू कारखान्याचा हिशेब लिहिते. व्हिएतनामचं नाव निघालं की आमचे मालक आधी नाक मुरडतात, मग तिकडचा भाव विचारतात. काजूगराच्या निर्यातीत कित्येक दशकं आपलाच वरचष्मा होता. २००६ मध्ये व्हिएतनाम पुढे गेला. आफ्रिकेतली बी दोघंही आणतात, पण त्यांनी बी फोडण्याचं काम लवकर यंत्रावर नेलं. आपल्याकडे बायकाच फोडत राहिल्या. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना राख चोळायची, तरी नखं काळी ती काळीच. यंत्राने पाकळी (दुभंगलेला गर) जास्त पडते म्हणतात. पडू दे! मात्र निर्यातीवरूनच हारजीत ठरवू नका. आपला बराचसा गर देशातच, कतलीत खपतो. तो खप धरला तर अंतर बरंच कमी दिसतं.