हुबळीच्या कारखान्यातून आलेला दिग्दर्शक

व्ही. शांताराम या नावावर आमच्या घरात कधी एकमत झाले नाही. आजीच्या लेखी ते ‘कुंकू’वाले शांतारामबापू होते आणि तो चित्रपट तिने लग्नाआधी पाहिला होता की नंतर, याबद्दल ती दर वेळी वेगळे सांगत असे. वडिलांनी ‘पिंजरा’ गावच्या यात्रेत, तंबूत, जमिनीवर बसून पाहिला होता आणि त्यातल्या लावण्या त्यांना आजही पाठ आहेत. माझ्या वाट्याला मात्र शांताराम आले ते दूरदर्शनवरच्या ‘नवरंग’मधून. पाठीमागे मुखवटा बांधून एकाच अंगाने स्त्री आणि पुरुष दोघांचेही नृत्य करणारी संध्या आणि सोबतीला डुलणारा हत्ती पाहून, हा दिग्दर्शक आपल्यासाठी नाही, असे मी महाविद्यालयीन वयातल्या नेहमीच्या आत्मविश्वासाने ठरवून टाकले होते.

तो ग्रह पुण्यात एका संध्याकाळी ‘कुंकू’ मोठ्या पडद्यावर पाहताना सुटला. त्याच आठवड्यात मुद्दाम ‘नवरंग’ पुन्हा पाहिला आणि पेच आणखी वाढला. 1937 साली पार्श्वसंगीताचा एक तुकडाही न वापरता अख्खा चित्रपट उभा करणारा माणूस 1959 साली पडद्यावर रंगांचा एवढा पूर कसा सोडतो? वय झाले, अभिरुची घसरली, कोणी थांबवणारे उरले नाही, अशी उत्तरे नेहमी दिली जातात. त्यांत तथ्य आहे, परंतु त्यांनी माझे समाधान झाले नाही.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1901 रोजी कोल्हापुरात झाला. लहानपणी काही काळ ते गंधर्व नाटक मंडळीत होते, पण त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा नाटक कंपनी नसून हुबळी ही आहे. तिथे पोरवयात त्यांनी रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात उमेदवारी केली आणि संध्याकाळी ते गावातल्या सिनेमागृहात पडेल ते काम करीत. दिवसभर तेलकट हातांनी यंत्राचा भाग सोडवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा आणि रात्री दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट फुकट पाहायचे, असा तो दिनक्रम होता. शांतारामांचा कोणताही चित्रपट पाहताना मला हा कारखान्यातला मुलगा आधी दिसतो, कलावंत त्याच्या मागून येतो. यंत्र काय करू शकते हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

1920 च्या सुमारास ते कोल्हापूरला परतून बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले, तेव्हा त्यांना त्यांच्याच जातकुळीचा गुरू मिळाला. बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले, पडदे रंगवणारे चित्रकार, आणि कॅमेरा विकत घेणे परवडत नाही म्हणून तो स्वतः तयार करणारे. या कंपनीत कामांची वाटणी नव्हती. केर काढण्यापासून पडदे रंगवण्यापर्यंत आणि फिल्म जोडण्यापासून पडद्यावर उभे राहण्यापर्यंत सगळे सगळ्यांनी करायचे. 1925 सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये शांतारामांनी सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून मुंबईला गिरणीत जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याचे काम केले. तो मूकपट आज उपलब्ध नाही. बाबूरावांनी 1936 मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा हाताळला, मात्र पहिल्या चित्रपटातला पंचविशीच्या आतला शांताराम आपल्याला आता पाहता येणार नाही, याची चुटपुट राहते.

1927 मध्ये ‘नेताजी पालकर’द्वारे ते दिग्दर्शक झाले. 1 जून 1929 रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. या पाच जणांत ध्वनी आणि कॅमेऱ्याची नस जाणणारे दामले आणि कलादिग्दर्शनात ज्यांच्या तोडीचा माणूस सापडणे कठीण ते फत्तेलाल होते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हिशेबात लक्षात ठेवावी लागते. 1932 सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट याच कंपनीचा. गंधर्व मंडळीच्या संस्थापकांपैकी एक असलेले गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र झाले होते आणि दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या होत्या.

1933 साली प्रभातचे बिऱ्हाड पुण्याला हलले, आणि त्याच वर्षी शांतारामांच्या कारकिर्दीतले एक अपयश घडले. चरित्रलेखनात ते एका ओळीत उरकले जाते. ‘सैरंध्री’ हा चित्रपट त्यांनी रंगीत करायचे ठरवले होते. रंगीत प्रती काढण्याची सोय देशात नव्हती, म्हणून ते फिल्म घेऊन जर्मनीला गेले. मेहनत आणि पैसा दोन्ही ओतूनही हवे होते तसे रंग पडद्यावर उतरले नाहीत. माझ्या मते हा हिशेब त्यांनी कधीच बंद केला नाही. जुन्या कारागिराच्या पेटीत न जमलेला एखादा सुटा भाग वर्षानुवर्षे पडून असतो, तसा तो त्यांच्या मनात राहिला.

मात्र जर्मनीहून ते रिकाम्या हातांनी आले नाहीत. तिकडची भिंग आणि प्रकाशयोजनेची हुशारी त्यांनी पाहून घेतली होती. पुण्यातल्या नव्या स्टुडिओत तयार झालेल्या 1934 सालच्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा नुसता डोळा पडदा व्यापून टाकतो. त्या काळी नट संपूर्ण दिसलाच पाहिजे अशी नाटकातून आलेली समजूत होती. कथेच्या दृष्टीनेही ती जागा बरोबर आहे, कारण राजाला आणि प्रजेला मुठीत ठेवणाऱ्या धर्मांध माणसाची सत्ता त्या बुबुळात आहे. यंत्राची करामत आणि कथेची गरज एका जागी येऊन बसते तेव्हा शांताराम किती मोठे होतात, याचा हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा म्हणजे ‘कुंकू’. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली ही कथा तशी थोडक्यात सांगता येते. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मान्य करायला नकार देते आणि अखेरपर्यंत तो नकार मागे घेत नाही. नीरा म्हणजे शांता आपटे आणि काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. वकिलाच्या मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. प्रत्यक्षातही त्या संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या, काळाच्या पुढच्या बाई होत्या, त्यामुळे पडद्यावर त्या बोलू लागल्या की अभिनयाचा प्रश्नच उरत नाही.

परंतु त्या संध्याकाळी मला हलवून गेली ती या चित्रपटातली शांतता. पार्श्वसंगीत नसल्यामुळे त्या घरातला प्रत्येक आवाज अंगावर येतो. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक चालू असते, आणि नवरा म्हणवणारा माणूस आरशासमोर उभा राहून तारुण्य उसने आणण्याच्या खटपटीत असतो. त्याच आरशाला तडे जातात तेव्हा त्याच्या चेहऱ्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे त्याला स्वतःलाच पाहावे लागतात. व्हायोलिनचा एक सूर जरी तिथे वाजला असता, तरी काय वाटून घ्यायचे ते प्रेक्षकाला आयते मिळाले असते. शांतारामांनी ते दिले नाही. माझ्या शेजारी बसलेल्या एका वयस्कर बाईंनी त्या क्षणी पदर तोंडाशी नेला. त्या हसत होत्या की आणखी काही, हे अंधारात कळले नाही, आणि केशवराव दात्यांचे काम नेमके त्या सीमेवरचे आहे. ते काकासाहेबांना खलनायक होऊ देत नाहीत. आपण करतो तो अन्याय आहे हे त्या माणसाला हळूहळू उमगत जाते आणि शेवटी तो आपल्या मरणाने तिला मोकळी करू पाहतो. शांताराम आठवल्यांच्या शब्दांतले आणि केशवराव भोळ्यांच्या चालीतले ‘मन सुद्ध तुझं’ आजही कुठे कुठे ऐकू येते, पण चित्रपटात ते ज्या कोंडलेल्या घरालगतच्या रस्त्यावरून येते, ते घर पाहिल्याखेरीज त्याची खरी किंमत कळत नाही.

यानंतरचे ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे दोन्ही चित्रपट मला फार प्रिय आहेत, तरी त्यांच्याविषयी थोडक्यातच लिहितो. 1939 सालच्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्या यांची कथा आहे. प्रेमभंगात दारू पिऊन मरणाऱ्या नायकांचे तेव्हा पेव फुटले होते, त्यांना हा चित्रपट सरळ उत्तर देतो. शांता हुबळीकरांचे ‘कशाला उद्याची बात’ त्यातलेच. 1941 च्या ‘शेजारी’च्या हिंदी आवृत्तीत म्हणजे ‘पडोसी’त गजानन जागीरदार मुसलमान शेजारी झाले आणि मझहर खान हिंदू शेजारी झाले. फाळणीच्या सहा वर्षे आधी केलेली ही अदलाबदल कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलते.

1942 मध्ये ते प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला आईवडिलांच्या नावांवरून राजकमल कलामंदिर उभे केले. फुटीच्या कारणांत अभिनेत्री जयश्री यांच्याशी त्यांनी केलेला दुसरा विवाह हेही एक होते. पहिली पत्नी असताना झालेला हा विवाह आणि ‘कुंकू’ यांची सांगड घालताना मला अवघडल्यासारखे होते, आणि ते अवघडलेपण लपवावे असे वाटत नाही. चित्रपटांच्या दृष्टीने अधिक मोठा तोटा असा की, दामले आणि फत्तेलाल यांच्या तोलाची माणसे यापुढे त्यांच्या बरोबरीने बसणार नव्हती. राजकमलमध्ये गुणी माणसांची वाण नव्हती, वसंत देसाईंसारखा संगीतकार तिथेच बहरला. पण भागीदाराने ‘हे नको’ म्हणणे आणि पगारी माणसाने म्हणणे यांत फरक असतोच.

तरीही 1957 साली त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ केला. या चित्रपटाचे मूळ सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ आहे. औंध संस्थानने तिथे स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत वसवली आणि खुनाच्या कैद्यांना बेड्यांशिवाय शेतीला लावले. ही कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच तालुक्यातल्या शेटफळ्याचे, त्यामुळे ती माती त्यांना परकी नव्हती. सहा कैदी, एक जेलर आणि माळरान एवढ्या ऐवजावर शांताराम पुन्हा एकदा ‘कुंकू’च्या जवळ येतात. 1958 च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. बैलाशी झुंज घेण्याच्या प्रसंगात त्यांनी दुसरा माणूस वापरला नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते स्वतः बैलापुढे उभे राहिले, आणि डोळ्यांना इतकी इजा झाली की दृष्टी जाते की राहते अशी वेळ आली.

आता मी माझ्या पेचाकडे परत येतो. याच्या दोन वर्षे आधी, 1955 मध्ये, शांतारामांनी ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये केला होता. ‘सैरंध्री’ला बावीस वर्षे झाली होती, आणि तेव्हा जे यंत्र त्यांच्या हाताला वश झाले नव्हते ते आता पूर्ण वश झाले होते. नर्तक गोपीकृष्णांच्या पावलांइतकाच तो चित्रपट लाल, निळ्या आणि पिवळ्या रंगांचा आहे. 1937 मध्ये ‘ध्वनी किती कमी करता येतो’ हे पाहणाराच माणूस आता ‘रंग किती वाढवता येतो’ हे पाहत होता. ‘कुंकू’चा संयम आणि ‘नवरंग’चा अतिरेक एकाच कारखान्यातून बाहेर पडले आहेत, असे मला आता वाटते. याचा अर्थ ‘नवरंग’ मला आवडू लागला असा नाही. ‘कुंकू’त प्रयोगाला नीरेच्या नकाराचे काम होते, ‘नवरंग’मध्ये रंगांना स्वतःला मिरवण्यापलीकडे फारसे काम नाही. 1972 च्या ‘पिंजरा’त मात्र, श्रीराम लागूंचे मास्तर तमाशाच्या फडात जाऊन मातीला मिळतात तेव्हा, त्याच भडक रंगांना पुन्हा काम मिळते. वडिलांशी या एका मुद्द्यावर माझे जुळते.

1985 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार, ऑक्टोबर 1990 मधले निधन आणि मरणोत्तर पद्मविभूषण हा पुढचा तपशील सर्वत्र छापलेला आहे. प्रभातच्या पुण्यातल्या जागेत 1960 पासून चित्रपट शिकवणारी संस्था आहे आणि तिथली मुले शांतारामांच्या जुन्या फ्लोअरवर आपले पहिलेवहिले शॉट लावतात.

‘नवरंग’ दुसऱ्यांदा पाहताना पहिल्या वेळी माझ्या नजरेतून निसटलेली एक जागा सापडली. चित्रपट सुरू होण्याआधी शांताराम स्वतः पडद्यावर येतात आणि डोळ्यांच्या त्या अपघाताविषयी प्रेक्षकांशी बोलतात. डोळ्यांवर पट्टी असताना अंधारातच आपल्याला रंग दिसू लागले, अशा आशयाचे ते काही सांगतात. वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, ‘‘हा भाग आम्हाला तंबूत कधी दाखवलाच नाही रे, रीळ सरळ गाण्यापासून लावायचे.’’