चाकाला लागलेला मुका मार

काजूच्या हंगामात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कोणत्याही गाडीला गॅरेजमध्ये उभे राहायला वेळ नसतो. झाडाखाली पडलेली बोंडे लगेच गोळा करून भट्टीवर पोहोचली नाहीत, तर ती कुजतात आणि वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा हातचा जातो. वाळपईजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये ऐन एप्रिलमध्ये एका बागायतदार काकांनी आपली एटीव्ही (चार फुगीर टायरांची, हँडलने चालवायची गाडी) टेम्पोत घालून आणली, तेव्हा त्यांच्या बोलण्यात ही घाई स्पष्ट जाणवत होती. बागेतल्या उतारावरून बोंडांचे क्रेट घेऊन येताना त्यांच्या मुलाला समोरून पिकअप आडवी आली. धडक बसलीच, पण खरा फटका तिथला नव्हता. पिकअपच्या धक्क्याने एटीव्ही बाजूला ढकलली गेली आणि तिचे पुढचे डावे चाक चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, तिरके आदळले. सुदैवाने मुलाला फक्त खरचटले होते.

गाडी माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे डाव्या चाकाची वाकलेली रिम बदलून नवी बसवली होती, आणि तरीही चाक डुलतच होते. “मेस्त्री, नवी रिमसुद्धा वाकडीच निघाली बघा, दुसरी मागवा आणि आजच बसवा,” असे काका म्हणाले. जुनी रिम त्यांनी सोबत आणली होती. तिची आतली कड खरोखरच दबलेली होती, त्यामुळे ती बदलण्याचा निर्णय योग्यच होता. काम चुकले नव्हते, अर्धवट राहिले होते. धडकेचा मार रिमवर थांबत नाही. रिमकडून हबला (रिम ज्यावर बसते त्या फिरत्या भागाला), हबकडून नकलला (हब ज्याच्या दांड्यावर फिरतो त्या भागाला), तिथून ए-आर्मला (नकल चासीशी जोडणाऱ्या आडव्या हाताला) आणि टाय रॉडला (हँडलबरोबर चाक वळवणाऱ्या दांड्याला) असा तो आत आत जातो, आणि तो जिथे विरला तिथपर्यंत गेल्याशिवाय गाडी परत देऊ नये, अशी माझी ठाम समजूत आहे.

गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवला. प्रथम चाक वरून आणि खालून धरून हलवले, तेव्हा थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, लागला. मदतनिसाला पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवले, तर तो प्ले नाहीसा झाला. ब्रेक दाबला की डिस्कमुळे हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे ब्रेकने जाणारा प्ले बेअरिंगचा असतो आणि ब्रेक दाबूनही राहणारा बॉल जॉइंटचा, म्हणजे नकल आणि ए-आर्म जोडणाऱ्या गोल सांध्याचा. मग सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटे ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवले. बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगमधून बोटांना कळते, आणि इथे ती अगदी स्पष्ट जाणवत होती. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर टाय रॉडच्या टोकाशी बारीक टक् असा आवाज आला.

परंतु एवढ्या खराब बेअरिंगनेही चाक इतके डुलायला नको होते. लाकडी ठोकळ्याला टोकदार तार बांधून ती रिमच्या कडेजवळ आणली आणि चाक सावकाश फिरवले. तार आणि रिम यांमधील फट एका जागी मिटत होती, समोरच्या जागी उघडत होती. जिथे ती मिटत होती तिथे रिमवर खडूने खूण केली आणि तशीच एक खूण हबवर केली. नंतर चाक काढून हबवरच्या चार स्टडपैकी (चाक धरणाऱ्या बोल्टांपैकी) एक स्टड पुढे सरकवून बसवले, नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले आणि पुन्हा फिरवले. रिम वाकडी असती तर फट मिटण्याची जागा रिमवरच्या खुणेबरोबर सरकली असती. ती हबवरच्या खुणेपाशीच राहिली. नवी रिम सरळ होती. वाकला होता तो हब.

चाक उतरवून हबच्या सपाट तोंडावर, स्टडच्या वर्तुळाजवळ, डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावला तेव्हा काटा पाऊण मिलिमीटर हलला. काकांना हा आकडा क्षुल्लक वाटला. म्हणून त्यांना हिशेब मांडून दाखवला: केंद्रापासून ५५ मिलिमीटरवर पाऊण मिलिमीटर असेल, तर १२ इंची रिमच्या कडेला तो दोन मिलिमीटरच्या वर जातो आणि २५ इंची टायरच्या बाहेरच्या कडेला चार मिलिमीटर ओलांडतो. हँडलला जाणवतो तो हा शेवटचा आकडा.

इथे कोणीही हब आणि बेअरिंग बदलून काम संपवले असते, आणि चाकाचे डुलणे थांबलेही असते. पण मला गाडी समोरून पाहताना डावे चाक किंचित कललेले वाटत होते. या गाडीत पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जात नाही. हब नकलच्या स्थिर दांड्यावर फिरतो. फिरणारा भाग वाकला तर चाक डुलते, स्थिर भाग वाकला तर चाक न डुलता नुसते कलते. डुलण्यामागे कलणे सहज लपते, कारण डोळा हलणाऱ्या गोष्टीकडेच जातो. गाडी सपाट फरशीवर घेऊन दोन्ही चाकांशेजारी गवंड्याचा ओळंबा सोडला. उजवे चाक सरळ होते, डाव्याचा वरचा भाग बाहेर झुकलेला होता. मग चासीवरच्या बोल्टपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. डावीकडचे सहा मिलिमीटर कमी भरले. खालचा ए-आर्म मागे वाकून आखूड झाला होता, आणि त्यामुळे चाकाचा तळ आत ओढला गेला होता. टाय रॉडही मध्यभागी किंचित धनुष्यासारखा झाला होता.

नकल काढून हातात घेतली तेव्हा दांडा जिथून निघतो त्या बेचक्यात गंजाची केसाएवढी रेष दिसली. आसपासचा धातू स्वच्छ आणि ग्रीसने माखलेला असताना एकाच रेषेत ताजा तांबूस गंज दिसावा, हे मला पटले नाही. नकल पुसून काही वेळ रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, नंतर कोरडी पुसली आणि त्या जागी खडूची पूड भुरभुरवली. हातोडीच्या दांड्याने हलके ठोकताच पांढऱ्या पुडीवर ओलसर काळी रेष उमटू लागली आणि दांड्याच्या घेराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत पोहोचली. तडीत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. ही पद्धत जुनी आहे, पण अशा वेळी मला तिच्याइतका विश्वास दुसऱ्या कशावर वाटत नाही.

काकांना बोलावून ती रेष दाखवली. “वेल्डिंग मारून हंगाम काढता येईल का हो?” त्यांनी विचारले. त्यांची अडचण मला समजत होती, तरी मी नाही म्हणालो. चाक ज्या दांड्यावर उभे आहे तो तापवून जोडला, तर वेल्डिंगशेजारचा धातू ठिसूळ होण्याची भीती असते, आणि क्रेटने भरलेली गाडी उतारावर असताना तो दांडा तुटला, तर चाक ब्रेकसकट निघून जाते. ए-आर्म तापवून ठोकून सरळ करण्यासही मी याच कारणाने नकार दिला. “काका, पुन्हा तुमचा मुलगाच चालवणार आहे ना?” एवढेच मी विचारले. त्यांनी सुटे भाग मागवायला सांगितले आणि तोपर्यंत बोंडे डोक्यावरून वाहून नेण्यासाठी माणसे लावली.

भाग आल्यावरचे काम सरळ होते, तरी दोन ठिकाणी घाई चालत नाही. नवे बेअरिंग हबमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा. आतल्या कड्यावर दाबले तर गोळ्यांचे वण कड्यांवर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरते. दुसरे म्हणजे हबचा नट. पुस्तिकेतल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळल्यावर कॉटर पिनचे (नट सैल होऊ न देणाऱ्या खिळीचे) भोक जुळले नाही, तर नट थोडा आणखी आवळून जुळवायचा, सैल करून नव्हे, आणि पिन नवीच घालायची.

हबवर डायल गेजचा काटा आता जेमतेम थरथरत होता. हँडल सरळ बांधून, दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यरेषा खडूने आखून, धुऱ्याच्या उंचीवर पुढचे आणि मागचे अंतर मोजले आणि टाय रॉड फिरवत पुढचे अंतर मागच्यापेक्षा पाच मिलिमीटर कमी ठेवले. टायरमध्ये कोणीतरी मोटारीसारखी २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा भरली होती. हे फुगीर टायर पाच पीएसआयच्या आसपास चालण्यासाठी बनवलेले असतात. जास्त हवेने ते दगडासारखे टणक होतात आणि प्रत्येक खड्ड्याचा मार थेट बेअरिंगला जातो. हवा उतरवून कमी दाबाच्या गेजने दोन्ही बाजू सारख्या केल्या.

चाचणीसाठी गाडी बागेतच नेली. आधी रिकामी, मग क्रेट भरून त्याच उतारावरून मुलाने ती खाली आणली, आणि हँडलवरचा एक हात सोडूनही ती सरळ रेषेत आली. खाली आल्यावर मी चाकाचे चारही नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. एक थोडा आवळला गेला, बाकीचे जागच्या जागी होते. तडकलेली नकल भंगारात जाऊन पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून काकांच्या देखतच ग्राइंडरने कापून टाकली, आणि मुलाला दर आठवड्याला चाक वर-खाली धरून हलवून पाहण्याची रीत दाखवून मी गॅरेजकडे परतलो.