पुतण्याच्या नावावरची बोरमाळ

जालना जिल्ह्यातल्या एका बँकशाखेसाठी मी सोनेतारणाचं मूल्यांकन करतो. घरचं दुकान सोनारकामाचंच. शाखेतून फोन आला की कसोटीचा दगड, आम्ल आणि काटा घेऊन जायचं. पगार नाही, दर कर्जामागं कमिशन. खोटं सोनं खरं ठरवलं तर भरपाई माझ्या खिशातून.

2023 चा जून. पाऊस लांबला होता, तरी बियाण्याची धावपळ सुरू झालेली. तिशीतला एक पोरगा बोरमाळ घेऊन आला. बोरमाळ तपासणं अवघड. मण्यांना वरून सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. दगडावर घासून आम्ल लावलं की कस कळतो, पण सोनं किती ते कळत नाही. नवखा माणूस एक तर सगळं वजन धरतो, नाहीतर भीतीनं निम्मं कापून गिऱ्हाइकाचं नुकसान करतो. मी एकेक मणी दोन बोटांत हलकेच दाबतो, दोऱ्याच्या भोकातून लाख कुठवर आहे ते बघतो, मगच आकडा लिहितो. ही माळ 22 ग्रॅम भरली. लाख आणि दोरा वजा जाता निव्वळ 15 ग्रॅम. सोन्याच्या किमतीच्या 75 टक्के कर्ज, त्या हिशोबानं 60 हजार बसले.

तेवढ्यात माळ अडकवायच्या फाशाकडं लक्ष गेलं. तो दोन वर्षांपूर्वी मीच झाळून दिला होता. माळ पोराची नव्हती, त्याच्या चुलतीची होती.

चुलती विधवा. नवऱ्याचं पीककर्ज त्याच शाखेत थकलेलं, आणि सातबाऱ्यावर आता तिचं नाव. ती स्वतः आली असती तर शाखेच्या साहेबांनी आधी जुन्या कर्जाचा विषय काढला असता. म्हणून माळ पुतण्याच्या नावावर. अर्जात ओळ असते, 'सदर दागिने माझ्या मालकीचे आहेत'. त्याखाली त्यानं सही केली, माझ्या दाखल्यावर मी केली. आमच्याकडं हे रोजचंच. ऊसतोडीला निघालेल्या बाईची पोत मुकादमाच्या नावावर येते, भावजयीचं गंठण दिराच्या. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात चुलतीनं दोन शेळ्या विकल्या, स्वतःच्या पोराची पुण्यातली मजुरी त्यात घातली आणि व्याजासकट पैसे पुतण्याकडं दिले. त्यानं एक रुपया न खाता भरले. कर्ज फिटलं, पण तिजोरीतलं पाकीट काही बाहेर येईना. आदल्या वर्षीच्या दुष्काळात पुतण्याचं सोयाबीन गेलं होतं आणि त्याचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं राहिलं होतं. साहेब म्हणाले, "आधी नवं-जुनं करून घे, मग सोनं ने." नवं-जुनं म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलायचं.

भारतीय करार कायदा 1872, कलम 171. बँकेला दुसऱ्या येण्यापोटी ताब्यातला माल अडवता येतो, आणि कागदावर माल पुतण्याचा. कायद्यानं साहेब चुकले नाहीत. पण सोनं ठेवून घेताना हे कलम कुणी समजावून सांगत नाही, आणि पूर्ण भरल्याची पावती हातात असलेल्या माणसाला रिकामं परत पाठवणं मला आजही पटत नाही.

संध्याकाळी चुलती दुकानात आली.

"आप्पा, पैशे तर समदे भरले. मंग माझी माळ काहून देईनात?"

"मावशी, कागदावर ती तुमची नाही."

"तुम्ही तर वळखता की. फासा तुम्हीच बसवलाय."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना फाशाचं सांगितलं. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला, "लेखी द्या." लेखी दिलं असतं तर पुतण्याची सही खोटी ठरली असती आणि माझं पॅनेलवरचं नाव गेलं असतं. मी कागद तसाच परत सरकवला.

नंतर फेरतपासणीत ते पाकीट पुन्हा माझ्याच हातात आलं. दोरा विरलाय, फाशाजवळचा एक मणी चेपलाय. निव्वळ 15 ग्रॅम लिहिलं, सही केली, सील लावलं. मावशी अजून दर बाजाराला दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. पुतण्याचं नवं-जुनं अजून झालेलं नाही.