भरती-ओहोटीचं ॲप, लॉग ४: सेटिंगच्या पोटातली सेटिंगं

मागच्या लॉगमध्ये मी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की आता फक्त आकडे कोडातून काढून सेटिंगच्या फाईलीत टाकायचे, एका संध्याकाळचं काम. तीन आठवडे गेले त्यात.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. धोपाव्याला घरी रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर फ्लास्कमध्ये (पायथन भाषेत वेब ॲप बनवायचं साधन) एक छोटं वेब ॲप चालवतोय, आजची तिथी घेऊन भरती-सुकतीची वेळ सांगतं. हिशोब आपला जुनाच, तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. पण हे झालं ढोबळ, प्रत्येक बंदराला थोडा फरक पडतो आणि खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा चढतं, त्यामुळे ठिकाणागणिक मिनिटांचा फरक लिहून ठेवावा लागतो. म्हणून फाईलीत 'बंदर', त्यात 'दाभोळ', त्यात 'भरती', त्यात 'फरक'. फणसात गरा, गऱ्यात आठळी. फाईल यॅमलची (सेटिंग लिहायची साधी पद्धत, कशाच्या पोटात काय ते ओळीआधीच्या स्पेसवरून ठरतं) आणि नावं मुद्दाम मराठीत, कारण हर्णैचे आकडे माझा चुलतभाऊ भरणार आणि त्याला कोड म्हटलं की घाम फुटतो.

सगळं चालू झालं, एकही एरर नाही, मी खूश. चार दिवसांनी आत्याचा फोन. ती वाशिष्ठीच्या खाडीत आतल्या बाजूला राहते, सुकतीला तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायला जाते. म्हणाली, "अरे तुझं ते बघून गेले तर गुडघ्याच्या वर पाणी, तासभर बसून राहिले काठावर. आणि काय रे, हर्णै, जयगड, दाभोळ, सगळीकडे एकच वेळ कशी काय दाखवतोस?"

बघतो तर खरंच एकच. फरक मिळाला नाही तर शून्य धर, असं मीच कोडात लिहून ठेवलं होतं, आणि फरक कुणाचाच मिळत नव्हता. 'बंदर' हा अख्खा भाग ॲपपर्यंत पोचतच नव्हता. फाईल उघडून दहा वेळा स्पेस मोजल्या, टॅब शोधले, फाईल बरोबर होती. शेवटी फ्लास्कचाच कोड उघडला. तर फ्लास्क फाईलीतून सेटिंग उचलताना सगळ्यात वरच्या पातळीवरची फक्त कॅपिटल अक्षरातली नावं घेतं, बाकीची गुपचूप टाकून देतं, आणि तपासतं ते पायथनच्या इजअपर या फंक्शनने. आता देवनागरीला कुठलं आलंय कॅपिटल आणि स्मॉल! 'बंदर' ला विचारलं तू कॅपिटल आहेस का, तर ते बिचारं फॉल्स म्हणणारच. नियम डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेला आहे, चूक माझीच, पण एक वॉर्निंग द्यायला काय जात होतं यांचं?

उपाय सोपा निघाला. वर एकच इंग्रजी कॅपिटल नाव ठेवलं आणि बाकी सगळं मराठी त्याच्या पोटात ढकललं, आतल्या नावांना तो नियम लागत नाही.

लगेच पुढची एरर. हर्णैखाली 'भरती:' लिहून पुढे काही भरलेलंच नव्हतं. मी गेट (नाव दिलं की त्याची किंमत काढून देणारी पायथनची सोय) ला गेट जोडत गेलो होतो, नाव नसेल तर रिकामी डिक्शनरी, म्हणजे नाव-किंमतींची यादी, दे म्हणून. पण इथे नाव आहे, किंमत नाही, म्हणजे यॅमल देतं नन (पायथनच्या भाषेत 'काहीच नाही'), आणि डिफॉल्ट तर नाव नसेल तेव्हाच मिळतो, मग नन वर पुढचं गेट मारलं की ॲप आडवं. ही गेटची माळ आता काढून टाकलीय. त्याऐवजी दहा ओळींचं एक फंक्शन केलंय, 'बंदर.हर्णै.भरती.फरक' असा टिंबांचा रस्ता दिला की एकेक पायरी उतरतं आणि जिथे नाव नाही किंवा नन सापडलं तिथे कुठपर्यंत पोचलो ते सांगून ॲप सुरू होतानाच थांबवतं. फरकाला डिफॉल्ट नाहीच. शून्य धरून चुकीची वेळ दाखवण्यापेक्षा पान बंद असलेलं बरं, आत्या निदान अंगणात येऊन पाणी बघेल.

इशाऱ्याच्या वेळांची गंमत वेगळीच. सकाळची ०६:१५ आणि दुपारची १२:३० अशा दोन लिहिल्या होत्या (फाईलीत आकडे इंग्रजीच आहेत, इथे मराठीत लिहितोय). सकाळची बरोबर वाजते, दुपारची ॲप पाडते. प्रिंट केलं तर ७५०. पाययॅमल, म्हणजे पायथनमध्ये यॅमल वाचणारी लायब्ररी, अजून यॅमल १.१ चे नियम पाळतं आणि त्यात असा आकडा साठच्या पटीत मोजतात, १२ गुणिले ६० अधिक ३०. सकाळची वाचली कारण तिच्या पुढे शून्य आहे. २००९ च्या १.२ मधून हा प्रकार काढलाय, पण आपल्याला काय उपयोग, अवतरणचिन्हात टाका आणि मोकळे व्हा.

लॅपटॉपवर टेस्टिंगसाठी वेगळी छोटी फाईल ठेवलीय, त्यात फक्त दाभोळचा फरक. ती मूळ सेटिंगवर पायथनच्या अपडेट ने चढवली तर जयगड आणि हर्णै गायब, कारण अपडेट वरचंच नाव बघून आतला सगळा गठ्ठा बदलतं. पातळीपातळीने मिसळणारं फंक्शन लिहावं लागलं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (ॲपला फाईलीबाहेरून दिलेली किंमत) डबल अंडरस्कोर देऊन आतली सेटिंग बदलता येते हेही पाहिलं, पण बॅश, म्हणजे कमांड टाईप करतो तो प्रोग्रॅम, तिथे मराठी नावं घेत नाही, सोडून दिलं.

दाभोळ आणि जयगड आता बरोबर येतंय, आत्याच्या गावाचं वेगळं नाव टाकलं, तिने दोनदा पाणी बघून पास केलं. हर्णैचा फरक अजून रिकामा, भावाला पौर्णिमेच्या उधाणाला घड्याळ घेऊन बंदरावर बसायला सांगितलंय, तोवर हर्णैच्या ओळी पुढे हॅश लावून बंद ठेवल्यात.