आरबी26 च्या हेडमधलं तेल: वर किती, खाली कसं

ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडच्या रेस ट्रॅकवर माझ्या निसान स्कायलाइन आर32 जीटी-आरचं (इंजिन आरबी26) ऑइल प्रेशर लांब डाव्या वळणात खाली येतंय, हे लॉगमध्ये स्वच्छ दिसत होतं. एकदा सदर्न लूपमध्ये आणि पुन्हा मेन स्ट्रेटवर येण्याआधीच्या शेवटच्या डाव्या वळणात, आरपीएम सात हजारांच्या आसपास असताना. डिपस्टिकवर तेल मात्र पूर्ण. आरबी26 बांधणाऱ्यांना हे लक्षण पाठ असतं. पंप तेल हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, ढकलत राहतो, ते त्याच वेगानं खाली उतरत नाही, चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) रिकामं होत जातं आणि पिकअप, म्हणजे पंपाची तेल ओढणारी नळी, हवा ओढायला लागतो. पुढे बेअरिंग जातं. बेअरिंग शाबूत आहेत तोवरच इंजिन उतरवायचं ठरवलं. मेलबर्नमध्ये आरबीचं काम करणारी मशीनशॉप भरपूर आहेत, त्यामुळे अवजारांची अडचण नव्हती. विचार करायचा होता तो मापांचा.

या इंजिनात ब्लॉकच्या फेसवर दोन ठिकाणांहून तेल हेडला जातं. आरबी26 चे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले भाग) सॉलिड, शिमवाले, म्हणजे पातळ चकतीनं फट जुळवायचे. हायड्रॉलिक टॅपेटसारखी त्यांना आत प्रेशर धरून ठेवायची गरज नसते, तेल लागतं ते कॅम जर्नल (कॅम जिथे टेकून फिरतो ती जागा) आणि लोब (कॅमचा उंचवटा) यांच्यापुरतं. म्हणूनच फीडच्या भोकांत रिस्ट्रिक्टर (बारीक भोकाचा तुकडा) बसवून पुरवठा कमी करता येतो. काही जण एक फीड पूर्ण बंद करून दुसऱ्यात 1.5 मिमी ठेवतात, काही दोन्ही चालू ठेवून भोकं बारीक करतात.

माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर इंजिनं बांधत आले. आरबी त्यांनी कधी उघडलेलं नाही, पण फोनवर विचारलं, “मामा, दीड ठेवू का दोन? अर्ध्या एमएमचाच फरक आहे.” ते म्हणाले, “अर्धा एमएम काय बघतोस? एरिया काढ की.” काढला. 1.5 च्या भोकाचं क्षेत्रफळ 1.77 चौरस मिमी, 2 च्या भोकाचं 3.14. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. शेवटी दोन्ही फीड चालू ठेवून प्रत्येकी 1.25 चा रिस्ट्रिक्टर घेतला, मिळून साधारण 2.45. एका भोकात कचरा अडकला तरी दुसरं चालू राहावं, हा माझा हिशेब. एकाच बारीक भोकावर सगळं हेड सोपवणं मला पटत नाही. रिस्ट्रिक्टर फेसच्या किंचित खाली बसला पाहिजे, वर राहिला तर गॅसकेटला लागतो. बसवल्यावर 1.25 चा ड्रिल बिट उलटा धरून त्याची दांडी प्रत्येक भोकातून घालून पाहिली. हलक्या हातानं, न अडकता गेली पाहिजे.

पण खरं काम परतीच्या वाटांचं. हेडमधून तेल ज्या भोकांतून खाली येतं, त्याच भोकांतून क्रँककेसमधले ब्लो-बायचे, म्हणजे पिस्टनच्या कडेनं निसटलेले, वायू वर येतात. टर्बो इंजिनात बूस्ट वाढवला की हे वायूही वाढतात आणि उतरणाऱ्या तेलाला वरच अडवून धरतात. नुसता फीड कमी करून भागत नाही ते यामुळे. हेड बेंचवर गाडीत बसतं तसं मागे कलतं ठेवलं आणि कॅमखालच्या खळग्यात तेल ओतून पाहिलं. पुढचं तेल पटकन गेलं, मागच्या टोकाला मात्र तळं साचून राहिलं. भोकांच्या तोंडाशी कास्टिंगची कड उभी होती, तेल तिच्यामागे थांबत होतं. त्या सगळ्या कडा बरनं (ग्राइंडरच्या कातणाऱ्या टोकानं) उतरवून तोंडं नरसाळ्यासारखी केली. भोकं मोठी करताना बोल्टची आणि पाण्याच्या जॅकेटची भिंत किती जाड आहे ते आधी तपासलं. हेड आणि ब्लॉकची भोकं नव्या गॅसकेटशी जुळवली, कारण गॅसकेटचं भोक लहान राहिलं तर वरचं सगळं काम फुकट. ॲल्युमिनियमला रॉकेल लावत, हळूहळू.

त्यानंतर हेडच्या मागची कोअर प्लग (कास्टिंगचं भोक बंद करणारी चकती) काढून तिथे फिटिंग बसवलं आणि जाड होज चेंबरपर्यंत नेला. जीटी-आरमध्ये इथेच जागेची मारामार: पुढचा डिफरेन्शियल चेंबरलाच बोल्ट केलेला आणि एक ॲक्सल चेंबरमधून आरपार. होजचं खालचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर उघडावं लागतं, तरच वायूंना वाट मिळते. हा होज तेल खाली आणतो की वायू वर नेतो, यावर लोक अजून वाद घालतात. माझ्या मते वायूंना वेगळी वाट मिळाली की बाकीच्या भोकांतून तेल आपोआप उतरतं, आणि तोच त्याचा मोठा फायदा. चेंबरला बाफल (तेल एका बाजूला पळू न देणारे आडवे पत्रे) आणि तेल जास्त मावावं म्हणून दोन्ही बाजूंना पंख वेल्ड करून घेतले. टॅपेट कव्हरवरून कॅच कॅनला (वायूंबरोबर आलेलं तेल साठवणाऱ्या डब्याला) जाणारे पाइपही जाड केले.

धुण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. गॅलरीचे, म्हणजे तेलाच्या आतल्या वाटांचे, प्लग काढून लांब ब्रश, गरम साबणपाणी, मग हवा, आणि पांढऱ्या फडक्यावर काही उमटत नाही तोवर पुन्हा तेच. ॲल्युमिनियमचा एक कण 1.25 च्या भोकाशी पोचला तर काय होईल, ते सांगायला नको.

तेलपंपाचा गिअर सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेला, म्हणून ठिसूळ) आणि सुरुवातीच्या आर32 च्या क्रँकवर त्याला पकड कमी, म्हणून तोही याच वेळी बदलला, क्रँकवर कॉलर बसवला.

पुन्हा फिलिप आयलंडला गेलो तेव्हा तेल गरम असताना त्याच वळणांत प्रेशरची रेघ आरपीएमबरोबर चालत होती, मधली दरी गेली. दर हजार आरपीएमला 10 पीएसआय हा जुना ठोकताळा मी किमान मर्यादा म्हणून धरतो, त्याच्या वरच राहिलं. कॅच कॅनमध्येही पूर्वीपेक्षा स्पष्ट कमी तेल आलं. घरी येऊन टॅपेट कव्हर काढलं आणि लोबवर बोट फिरवलं. ओरखडा नाही, कोरडेपणा नाही.

याच घराण्यातली आरबी25 किंवा आरबी20 इंजिनं (नंतरची निओ सोडून) बांधणाऱ्यांनी मात्र माझं माप उचलू नये. त्या हेडमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत, 1.25 वर ते टकटक करायला लागतील. फीड मोठा ठेवा आणि परतीच्या वाटांवर जास्त मेहनत घ्या.