तुम्ही विचारलंत म्हणून: लायब्ररीत आता येतं तरी कोण?

नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत मी नोकरी करते, हे कळलं की समोरचा आधी म्हणतो, "वा, दिवसभर वाचायला मिळत असेल!" (नाही मिळत.) आणि मग आवाज जरा खाली आणून, "पण आता सगळं मोबाइलवर असतं ना? मग तिथे येतं तरी कोण?" परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळे ते कोपरखैरणे एवढ्या वेळात एका काकूंना मी उत्तर द्यायला गेले आणि अर्ध्यातच त्या उतरल्या. म्हणून आता सावकाश सांगते.

पुस्तक न्यायला फार कोणी येत नाही, हे खरंच. पूर्वी दुपारच्या सुट्टीत इश्यू-रिटर्नला रांग लागायची, तारखेचे शिक्के मारून बोटं जांभळी व्हायची. आता शिक्क्याचं पॅड वाळून गेलंय. तरीही सकाळी दार उघडायच्या आधी पंधरा-वीस पोरं पायऱ्यांवर बसलेली असतात. त्यांना हवी असते खुर्ची. तीही भिंतीकडची, प्लगजवळची. घणसोलीच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि एक टीव्ही असला की अभ्यासाला कोपरा कुठला? एकजण तर घरून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन यायचा आणि आजूबाजूच्या तिघांचे चार्जर त्यावर लावून द्यायचा. नियमात बसत नाही म्हणून मी दोनदा काढायला लावला. तिसऱ्यांदा माझीच मला लाज वाटली आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून चार पॉइंट वाढवून घेतले.

दुसरी गर्दी असते "मॅडम, हा लेख उघडत नाहीये" म्हणणाऱ्यांची. संशोधनाचे बरेच लेख वर्गणी भरल्याशिवाय उघडत नाहीत. ती वर्गणी सगळ्यांसाठी एकत्र भरणारी केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पण ती सरकारी संस्थांसाठी. आमचं विद्यापीठ खासगी. मग लेखकाने तोच लेख आणखी कुठे मोफत ठेवलाय का ते शोधायचं, नाहीतर सरळ त्यालाच मेल करायला सांगायचं. लेखक बहुतेक वेळा आनंदाने पाठवतात. आपलं कोणीतरी वाचतंय याचं त्यांनाही अप्रूप असतं.

पण हल्ली माझा जास्तीत जास्त वेळ जातो तो भलत्याच कामात. गेल्या महिन्यात समाजशास्त्राची एक मुलगी आली. विषय झकास: तुर्भ्याच्या मार्केटमधले माथाडी कामगार. हातात चौदा संदर्भांची यादी. त्यातले तीन काही केल्या सापडेनात. एकाचा तर खंड, अंक, पान सगळं दिलेलं होतं, म्हणून स्टॅकमधून तो जुना बांधीव खंड काढला. धूळ झटकली, पान उघडलं, तर तिथे पाटबंधाऱ्यांवरच्या एका पुस्तकाचं परीक्षण! नियतकालिक खरं, वर्ष खरं, लेखकही खरे. फक्त तो लेख त्यांनी कधी लिहिलाच नव्हता.

"एआयला विचारून घेतलीस का यादी?"

"थोडीशीच, मॅडम."

मग आम्ही दोघी 'शोधगंगा'वर बसलो. देशभरातल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. तिने इंग्रजीत 'हेडलोड वर्कर्स' टाकलं आणि केरळच केरळ यायला लागलं, कारण तिकडे हमालांना तेच नाव आहे आणि १९७८चा त्याच नावाचा कायदाही. आपल्याकडचा माथाडी कायदा १९६९चा. 'माथाडी'चं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांनी टाकून पाहिलं, 'हमाल' टाकलं, कायद्याचं नाव टाकलं, तेव्हा कुठे आपल्या कामाचं हाताला लागलं. दीड तास गेला. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. मोबाइलने तिचा वेळ वाचवलाच होता. मी तो घालवला, आणि मला त्याचं काही वाटत नाही. शेवटी यादी अकरावर आली, पण अकराही तिने डोळ्यांनी पाहिलेले.

तिकडे प्रबंध जमा करायच्या दिवसांत साम्य-तपासणीची, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते पाहण्याची, रांग असतेच. दहा टक्क्यांपर्यंत चालतं म्हटलं की पोरं साडेनऊवर आणून दाखवतात, जणू पासिंगचे मार्क. त्यावर न बोललेलं बरं.

तर येतं कोण, हे असं. सध्या त्या पायऱ्यांवरच्या पोरांचा अर्ज आलाय, रीडिंग हॉल रात्री आठऐवजी अकरापर्यंत उघडा ठेवा म्हणून. एक्स्टेन्शन बोर्डवाल्याची सही सगळ्यात वर. रात्रीचा वॉचमन कोणाच्या खर्चातून, यावर फाइल अडली आहे. मी शेरा मारून पुढे पाठवलीय.